सड्यावरचा नळ

आमच्या आईच्या डोक्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा होती, तिथं केस नव्हते. घागरीखालच्या चुंबळीनं घासून गेलेले. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायकांना तिथं केस नसतात. पुढं कोल्हापुरात कॉलेजच्या वसतिगृहात मुली केस धुवून उन्हात बसायच्या, तेव्हा कळलं की असतात.

आमची वाडी कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर. पाऊस असा की वाळत घातलेलं लुगडं गणपतीपर्यंत दमटच. हे सांगितलं की शहरातली माणसं विचारायची, "मग तुम्हाला पाण्याला काय तोटा?" त्यांनी सडा बघितलेला नसतो. सडा म्हणजे डोंगराचं सपाट डोकं, सगळा जांभा दगड. त्यावर पाणी पडतं आणि निघून जातं, खाली कोकणात. होळी झाली की दगड तव्यासारखा तापतो, गवत पिवळं पडून मोडतं आणि अनवाणी पाय टाकता येत नाही. कॉलेजात भूगोलाच्या तासाला वाळवंटी डोंगर शिकवले, तेव्हा बाकीच्या मुली लिहून घेत होत्या आणि मी गप्प बसले होते. मला त्यात नवीन काय नव्हतं. चैत्रात आमच्या घरामागं तेच असायचं.

पाणी होतं ते घळीपलीकडं. कड्याच्या पायथ्याशी झरा होता, तिथं दगडात कोरलेलं वरचं टाकं. त्यातून सांडायचं ते घळीच्या तळाशी खालच्या टाक्यात. वरच्या टाक्यावर वरली आळी पाणी भरायची, खालच्यावर आमची चार घरं. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, घरात बुद्धाची तसबीर आली, दुसऱ्यांच्या दारातून मेलेलं ढोर ओढणं थांबलं. टाकं मात्र खालचंच राहिलं. त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला खालची पायवाट दाखवली, एवढंच. उन्हाळ्यात वरूनच सांडायचं थांबलं की आई खालच्या टाक्यात उतरून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायची. घागर भरेपर्यंत माझी झोप व्हायची तिथंच, दगडाला टेकून.

वडील जंगलात मजुरीला. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून गवताच्या पट्ट्या आधीच जाळून ठेवायचं काम. जंगल अभयारण्य झालेलं होतं, गव्यांसाठी पाणवठे बांधलेले होते आणि ते भरायला टँकर यायचा. तो आमच्या दारावरून जायचा. थांबायचा नाही, त्याच्यातलं पाणी गव्यांचं होतं. मला फार राग यायचा. आईला नाही यायचा. ती म्हणायची, "त्यांस्नी घागर घेता येत न्हाई की गं."

मी शिकले ते आईच्या हट्टानं. वाडीत कुणी मुलगी सातवीच्या पुढं गेलेली नव्हती. वसतिगृहातल्या पहिल्या दिवशी मी न्हाणीतला नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मागं उभी असलेली मुलगी म्हणाली, "काय गं, नळ बघायला आलीयास व्हय कोल्हापुरात?"

मी म्हटलं, "व्हय."

ती हसली आणि पुढं तीन वर्षं माझी मैत्रीण राहिली. मी भूगोल घेऊन बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली, वाडीतलीही पहिली. निकाल सांगायला घरी गेले तर आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, "आता काय म्हणायचं तुला?" म्हटलं, "ग्रॅज्युएट." तिला तो शब्द म्हणता आला नाही. तिनं राखेचे हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडावरून फिरवले, एवढंच केलं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा अभयारण्यात पर्यटकांची सोय करायची टूम निघाली. वाडीला लागून जे सपाट मैदान होतं तिथं काम सुरू झालं. वनखात्याचे तिथले साहेब चांगला माणूस, त्यांनी वडिलांना विचारलं, "तुमची मुलगी शिकलीय ना?" मला माहिती केंद्रावर घेतलं. हंगामी काम, पाऊस संपला की सुरू, पाऊस लागला की बंद. पण टेबल होतं, खुर्ची होती, आणि खुर्चीच्या पाठीवर मी रोज सकाळी फडकं मारायचे.

साहेबांनी मला एका परदेशी पुस्तकातली चित्रं दाखवली होती. कुठल्यातरी वाळवंटातल्या डोंगरांचं राष्ट्रीय उद्यान. उघडे डोंगर, काटेरी झाडं आणि मधे नीट आखलेल्या जागा: इथं गाडी लावा, इथं तंबू, इथं सावली, इथं शौचालय. सगळ्याला खुणा. आणि जिथं प्यायचं पाणी मिळतं तिथं नकाशावर एक निळा थेंब. मला ते फार आवडलं. तहानलेल्या माणसाला वाचताही यायला नको, थेंब बघितला की झालं.

मग मैदानाच्या तोंडाशी पत्र्याचा मोठा फलक लावला आणि त्यावर आपल्या जागेचा नकाशा मी रंगवला. मनोरा काढला, पायवाटा काढल्या, गाड्यांची जागा, पाणवठा, गव्याचं शिंग. साहेब म्हणाले, "थेंब राहिला की."

म्हटलं, "साहेब, पाणी कुठाय? आलं की काढते."

ते म्हणाले, "राहू दे जागा मोकळी."

कारण खरी गोष्ट अशी होती की शौचालय बांधलं होतं, गुलाबी रंग दिला होता, 'स्त्रिया' आणि 'पुरुष' लिहिलं होतं, आत नळसुद्धा बसवले होते, पण त्या नळांच्या मागं भिंत होती आणि भिंतीच्या मागं काही नव्हतं. ठेकेदार काम आटोपून गेला होता. विंधन विहीर घ्यायची ठरलेली, पण जांभ्याखाली कोरडंच लागलं. मग तोड निघाली की शौचालयाबाहेर दोन पिंपं ठेवायची आणि पाणी भरायला एक बाई रोजंदारीवर घ्यायची.

ती बाई म्हणजे माझी आई.

दुसऱ्या कुणाला घ्या, असं मी म्हणाले होते. आईच भांडली माझ्याशी. "का? घरचं भरतो तसं ह्येबी भरतो. पैसं तर मिळत्यात." सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसायचे आणि समोरून आई घळीतून वर यायची, डोक्यावर दोन घागरी, मान ताठ, डोळे पायवाटेवर. पर्यटक मला मॅडम म्हणायचे आणि तिला, "ओ मावशी, जरा बाजूला." मी शिकले ते तिच्या डोक्यावरची घागर उतरावी म्हणून, आणि मी नोकरीला लागल्यावर घागरी वाढल्या होत्या. ते मला रोज दिसायचं. त्या हंगामात मी एकच गोष्ट मनात धरली होती, ही घागर उतरायची.

बाकी म्हणाल तर दिवस मजेचे होते. आपली कोल्हापूरची माणसं जंगल बघायला येतात तीच मुळी टेम्पोत पातेली घालून. मैदानात सिमेंटची टेबलं आणि बाकडी केली होती, सावलीत बसून डबा खावा म्हणून. त्यावर कुणी बसलं नाही. टेबलावर मंडळी पातेलं ठेवायची, बाकड्यावर कांदा चिरायची आणि स्वतः खाली सतरंजी टाकून पंगतीला बसायची. मी सांगायला जायचे, "इथं चूल पेटवायची नाही, वणवा लागेल." तर मंडळी म्हणायची, "न्हाई पेटवत मॅडम, घरनंच शिजवून आणलंय. तुम्ही बसा की जेवायला." माहिती केंद्रात प्लॅस्टरचा गवा होता. पहिल्याच महिन्यात त्याचं एक शिंग गेलं, कारण प्रत्येकाला आपलं पोरगं त्याच्यावर बसवून फोटो काढायचा होता. आणि रोज कुणीतरी विचारायचंच, "तिकीट काढलंय, गवा कुठाय?" मी म्हणायचे, "त्याला तिकिटाचं सांगितलेलं न्हाई अजून."

तर त्याच उन्हाळ्यात शिरोळकडचं एक जोडपं आलं, भावकीसकट जीपमधून. नवरा ऊसवाला, पांढरी टोपी, आवाज असा की मनोऱ्यावरून बोलला तर पाखरं उडावीत. बायको उंच, कपाळाला मोठं कुंकू, बोलायला नवऱ्याच्या वरचढ. दुपारची वेळ. ती शौचालयात गेली आणि लगेच बाहेर आली. पिंपं रिकामी होती. आई पाण्याला गेली होती आणि टाक्याला पाणी कमी, म्हणून वेळ लागत होता.

"बाई," ती मला म्हणाली, "दार हाय, भिंत हाय, पाणी न्हाई. बायामाणसांनी करायचं काय?"

मी म्हटलं, "येतंय पाणी, जरा दम धरा. आई गेलीय आणायला."

"कुणाची आई?"

"माझी."

तेवढ्यात आई वर आली. तिनं घागरी उतरवून पिंपात ओतल्या, पदरानं तोंड पुसलं. त्या बाईनं पिंपाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "ह्या वयाला? आमच्यासाठी?" आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो, बघा हिकडं. आपल्यात पाणी घरात येतंय, हितं घर पाण्याला जातंय."

नवरा म्हणाला, "मग तू जा की एक खेप, पुण्य लागंल."

त्यानं थट्टा केली होती, पण ती खरंच उठली. रिकामी घागर काखेत घेतली. "चला अक्का. मी वापरणार तर मीच आणतो." आई नको नको म्हणत होती. पाव्हणीला पाणी भरायला लावायचं म्हणजे काय! पण ती पायवाटेला लागलीसुद्धा. मी केंद्राला कडी घातली आणि मागोमाग निघाले. तिचा नवराही आला, "पडंल कुठं तरी" म्हणत.

घळीच्या तळाशी आई आपल्या सवयीनं खालच्या टाक्याशी थांबली. तिथं ओंजळभर पाणी. ती बाई वर बघत होती. "अक्का, वर भरलेलं दिसतंय की. हितं काय गाळ उपसताय?" आणि ती सरळ चढून गेली.

वरच्या टाक्यावर वरल्या आळीची काकी पाणी भरत होती. काकी म्हणजे वाडीतला शेवटचा शब्द. पुरुषसुद्धा बैठकीत तिच्या तोंडाकडं बघून बोलायचे. ती बाई तिला म्हणाली, "सरका जरा काकू," आणि घागर बुडवली. मग वळून ओरडली, "अक्का, तुमची द्या!"

आई खालीच. हातात घागर, पण पाय उचलेना. त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. ती खाली आली, आईच्या हातातली घागर घेतली, वर गेली आणि तीही त्याच टाक्यात बुडवली. मीही तिच्या मागं चढले होते. कशी चढले, कळलं नाही. जन्मल्यापासून त्या दगडावर पाय ठेवला नव्हता.

काकीनं आपली घागर बाजूला ओढली. आईच्या घागरीकडं बघत राहिली. पाव्हणीला अडवायचं कसं? आमच्याकडं उंबऱ्याला आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग नाव-गाव. ती आमची सगळ्यांचीच पाव्हणी होती, काकीचीही. शेवटी काकी आईला उद्देशून म्हणाली, "पावनी हाय. तिला काय म्हाईत."

"काय म्हाईत न्हाई?" ती बाई म्हणाली.

काकी आपली घागर भरायला लागली.

माझं मात्र लक्ष दुसरीकडं गेलं होतं. वरच्या टाक्याशी उभं राहिल्यावर घळीपलीकडं आमचं मैदान दिसत होतं. आणि माहिती केंद्राची कौलं मला वरून दिसत होती. म्हणजे मी कौलांपेक्षा उंचावर उभी होते. खालच्या टाक्यावरून नुसता कडा दिसतो. आमच्यातलं कुणी इथं कधी उभं राहिलं नव्हतं, आणि जी माणसं रोज उभी राहायची त्यांना मैदानाशी काही देणंघेणं नव्हतं.

"पावणं," मी शिरोळच्या त्या गृहस्थांना म्हटलं, "इथून पाइप टाकला, घळीत उतरवून पलीकडं चढवला, तर पाणी जाईल का?"

त्यांनी टोपी मागं सारून पलीकडं बघितलं. "मोटर?"

"वीज नाही इथं. आपसूक. तोंड उंचावर आहे, शेवट खाली आहे."

"जातंय की!" ते ओरडलेच. "न जाऊन सांगतंय कुणाला? आम्ही नदीचं पाणी मळ्याला चढवतोय जल्मभर. हितं तर फुकाट जातंय."

काकी म्हणाली, "पाणी चढ चढतंय व्हय? येडंबिडं लागलंय का?"

"काकू, पैज लावा!"

ते गेले आणि मला वाटलं, झालं, गेले. पण पंधरवड्यानं वाडीत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपांची वेटोळी. त्यांच्या मळ्यात नवीन लाइन झाली होती, ही जुनी काढलेली. वर ती शिरोळची बाई बसलेली, ट्रॉलीची कड धरून. खाली उतरून मला म्हणाली, "गंजत पडलं हुतं असं म्हणलो असतो, पर ह्ये गंजत न्हाई. म्हणून आणलं."

साहेबांनी तीन अटी घातल्या: खोदायचं नाही, झाडाची फांदी तोडायची नाही आणि सांडलेलं पाणी गव्यांच्या पाणवठ्याला सोडायचं. एवढ्यावर परवानगी मिळवून द्यायचं त्यांनी अंगावर घेतलं. राहिली वाडी. पाइपाचं तोंड वरच्या टाक्यातच बसायला हवं होतं.

बैठक देवळापुढच्या पारावर. आमची चार घरं नेहमीसारखी कडेला. वरल्या आळीतला एकजण म्हणाला, "टुरिस्ट लोकांस्नी धुवायला आमचं पाणी?" दुसरा म्हणाला, "आटलं तर?" आटायची भीती खोटी नव्हती. ती मलाही होती. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं की तोंडाला कॉक बसवू, रात्रभर बंद ठेवू, टाकं पहाटेपर्यंत भरेल. बी. ए. झाले तरी त्या पारासमोर मी कधी बोलले नव्हते.

"आणि नळ कुठं?" एकानं विचारलं. "आमच्या आळीत एक पायजे."

मी म्हटलं, "नळ एकच. मैदानाच्या भिंतीला. पर्यटकालाही तोच, वरल्या आळीलाही तोच, आम्हालाही तोच."

आई जमिनीकडं बघत होती. मग सगळे काकीकडं बघायला लागले.

काकीनं तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाली, "पावनी टाक्यावर आली, पाणी मागितलं, आपून सरकलो. आता ती पायपं घिऊन आलीया. दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हणायचं का? आमच्या सासूनं तर शिकवलं न्हाई." माझ्याकडं बोट केलं. "आनि ह्या पोरीनं म्हणलंय तसा एकच नळ. दोन केलं तर दोन डोकी भांडणार. पर चढलं न्हाई पाणी, तर पायप तुझ्याच गळ्यात."

आई त्या संध्याकाळी म्हणाली, "नळ आला तर माझं पिंपाचं काम जाणार की."

मी म्हटलं, "जाऊ दे. तू भाकरी थाप. ही माणसं पातेली घेऊन येतात, पण भाकरी संपली की माझ्याकडंच बघतात."

"माझ्या हातची खातील?"

"कोल्हापूरचं माणूस भूक लागली की काही विचारत नाही," मी म्हटलं. तेव्हा ती हसली.

पाइप टाकायला सगळी वाडी आली. वडील आणि वरल्या आळीतली माणसं एका वेटोळ्याला खांदा लावून घळीत उतरली, शिव्या देत, हसत. सांधे जोडले. वरचा कॉक काकीनं स्वतः सोडला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मैदानाच्या भिंतीपाशी आम्ही नळाकडं डोळे लावून उभे. आधी काहीच नाही. मग पाइपातून हवा फुसफुसली, नळ खोकल्यासारखा झाला, लाल गढूळ दोन गुळण्या आल्या आणि एकदम पाणी.

पलीकडून, घळीवरून, काकीचा आवाज आला, "चढलं का गं?"

"चढलं!"

आईनं ओंजळ धरली. आधी तोंड धुतलं. मग ओली बोटं डोक्याच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर ठेवली आणि तशीच उभी राहिली. तिच्या मागं रांग लागली होती, वरल्या आळीची सून, जीपमधून आलेला एक पर्यटक, आमची शेजारीण. कुणी घाई केली नाही.

मी रंगाचा डबा उघडला आणि फलकावरच्या मोकळ्या जागी निळा थेंब काढला. थोडा वाकडा आला. तसाच ठेवला.

पुढं आईच्या पिठलं-भाकरीसाठी माणसं कुरुंदवाडपासून यायला लागली. कॉकची जबाबदारी अजून काकीकडंच आहे. रोज संध्याकाळी घळ ओलांडून जाते आणि बंद करून येते, दुसऱ्याचा भरवसा तिला नाही. झरा आटला नाही. शौचालयाला कुलूप लागलं नाही. वाडीला नळ मिळाला, सगळ्यांना एकच. आणि त्या उन्हाळ्यापासून माझ्या आईनं डोक्यावर घागर घेतलेली नाही.